दगड तीनच प्रकारचे, मग जांभा कुठे बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीला शाळेत खडकांचे तीन प्रकार शिकवले: अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित. सुट्टीत बाप-लेकीनं हिंडून दगड गोळा केले आणि आता ते तीन खोक्यांत लावायचे आहेत. राजगडाच्या वाटेवरचा काळा, जड दगड. तिथलाच दुसरा, पण भोकाभोकांचा, आणि भोकांत पांढरे-हिरवे खडे भरलेला. रत्नागिरीला मामाच्या गावाहून आणलेला जांभ्याचा तुकडा. घरी ओटा बदलला तेव्हा उरलेले दोन तुकडे: एक जुन्या कडप्प्याचा, एक नव्या 'ब्लॅक ग्रॅनाइट'चा. आणि मालवणच्या वाळूत सापडलेला एक पांढराशुभ्र गोटा. मुलगी दोन ठिकाणी अडली आहे. सह्याद्रीच्या कड्यात इतके सरळ थर दिसतात, मग तो स्तरित खडक का नाही? आणि जांभा कुठल्या खोक्यात?

मी तीसेक वर्षं भूजल सर्वेक्षणाचं आणि धरणं-बोगद्यांच्या पायाच्या तपासणीचं काम केलं आहे. या दोन प्रश्नांना मी पाठ्यपुस्तकातली एक ओळ देऊन मोकळी होणार नाही, कारण मुलीनं अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. अडचण तिच्या समजण्यात नाही. आपण खडकांचे प्रकार सांगतो तेव्हा त्यांची दिसणारी लक्षणं पाठ करायला लावतो: अग्निजन्य म्हणजे कठीण, स्तरित म्हणजे थरांचा आणि मऊ, रूपांतरित म्हणजे चकाकणारा. पण वर्गीकरण दिसण्यावरून झालेलंच नाही. ते जन्मावरून झालेलं आहे. दगड कसा तयार झाला, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्याचं खोकं. दिसणं हा त्या उत्तराकडे नेणारा पुरावा, आणि पुरावा कधीकधी चकवतो.

आधीच सांगते, मी तुमचे दगड हातात घेतलेले नाहीत. पहिल्या पाचांबद्दल मी बऱ्यापैकी खात्रीनं बोलू शकते, कारण ते कुठून आले हे तुम्ही सांगितलंय, आणि खडकाच्या बाबतीत गावाचं नाव हा अर्धा पुरावा असतो. सहाव्याबद्दल मात्र मला शेवटी तुमच्याकडूनच काही माहिती मागावी लागेल.

दगड हातात आला की मी त्याचा रंग सगळ्यात शेवटी बघते. बाहेरचा रंग ऊन-पावसानं चढवलेला असतो. काळा बेसॉल्ट, म्हणजे सह्याद्रीचा नेहमीचा दगड, बाहेरून तपकिरी दिसतो, आत फोडला तर निळसर काळा. म्हणून पहिलं काम म्हणजे हातोडीनं एक कोपरा उडवायचा (मुलीच्या डोळ्यांना चष्मा हवाच, दगडाची कपची फार वेगानं उडते), ताजा पृष्ठभाग ओला करायचा आणि दहापट भिंगातून पाहायचा. पाहायचं काय, तर कण एकमेकांना कसे धरून आहेत. मी याला दगडाची वीण म्हणते.

वीण मुख्यतः तीन तऱ्हेची. पहिली, कण एकमेकांत अडकलेले, मध्ये फट नाही. खडीसाखरेचा गठ्ठा आठवा. पाकातून स्फटिक वाढत गेले, प्रत्येकानं मिळेल तेवढी जागा घेतली, शेजाऱ्याला टेकला आणि थांबला. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, थंड होताना असंच होतं. हा अग्निजन्य खडक. दुसरी, कण वेगळे आणि त्यांना धरणारं काहीतरी वेगळं, जसे चिक्कीत शेंगदाणे वेगळे आणि गूळ वेगळा. वाळूचे कण आणि त्यांना बांधणारं सिलिका, चुना किंवा लोह. हा गाळाचा, म्हणजे स्तरित खडक. तिसऱ्या विणीतही कण अडकलेलेच असतात, पण ते द्रवातून वाढलेले नसतात. घट्ट अवस्थेतच, उष्णता आणि दाबाखाली, जुने कण मोडून नवे झालेले असतात, आणि बहुतेक वेळा एका दिशेला आडवे पडलेले असतात, सतरंजीच्या धाग्यांसारखे. हा रूपांतरित खडक.

आता सह्याद्रीचे थर. ते थर खरेच आहेत, मुलीच्या डोळ्यांनी काही चूक केलेली नाही. पण ते पाण्यात बसलेल्या गाळाचे थर नाहीत, एकावर एक पसरलेल्या लाव्हाच्या चादरी आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सियस तापमानाचा पातळ लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि पसरला. आज उरलेलं त्याचं आवरण सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे आणि महाराष्ट्राचा चार-पंचमांश भाग त्याच्याखाली आहे. दख्खन ट्रॅप या नावातला 'ट्रॅप' हा शब्द स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला, कारण या डोंगरांचे उतार पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात. गडावर चढताना एक उभा कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कडा, असं आपण पायांनी मोजतो ते हेच. कठीण भागाचा कडा होतो, मऊ भागाची माची होते.

एका लाव्हाप्रवाहाचा आडवा छेद घाटरस्त्याच्या कापलेल्या भिंतीत सुंदर दिसतो. मधला भाग घट्ट, निळसर काळा. तो सावकाश थंड होताना आकसला म्हणून त्यात उभ्या भेगा पडल्या. भेगा नेमक्या जुळून आल्या की षट्कोनी खांब तयार होतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशा खांबांचीच टेकडी आहे. प्रवाहाच्या वरच्या भागात मात्र वायूचे बुडबुडे अडकतात. लाव्हा गोठला की बुडबुड्याची जागा पोकळी म्हणून राहते. त्यामुळे तुमचे पहिले दोन दगड, घट्ट काळा आणि भोकांचा, हे कदाचित एकाच प्रवाहाचे दोन मजले असतील. दोन्ही बेसॉल्ट, दोन्ही अग्निजन्य.

भोकांतले पांढरे-हिरवे खडे मात्र लाव्हातून आलेले नाहीत. खडक गोठल्यानंतर पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं, त्यानं आजूबाजूच्या खडकातून सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून घेतलं आणि पोकळीत स्फटिक वाढवले. पांढरे बहुधा झिओलाइट गटातले, स्टिल्बाइट किंवा ह्यूलँडाइट. क्वार्ट्झ (सिलिकाचा स्फटिक) किंवा कॅल्साइटही (चुन्याचा स्फटिक) असू शकेल. हिरवा मुलामा बऱ्याचदा सेलॅडोनाइटचा असतो. भरलेल्या पोकळ्या चपट्या, बदामासारख्या दिसतात, म्हणून अशा बेसॉल्टला ग्रीक भाषेतल्या बदामावरून अमिग्डेलॉइडल म्हणतात. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे एकाच दगडात दोन काळ आहेत: खडक अग्निजन्य, त्याच्या पोकळीतला ऐवज नंतरचा. लेबलवर दोन्ही लिहा.

हा फरक आमच्या कामात पोटापाण्याचा असतो. घट्ट बेसॉल्टमध्ये पाणी फक्त भेगांत असतं. बुडबुड्यांचा वरचा भाग झिजून मऊ झाला की तिथे पाणी साठतं. विहिरी खोदणारी माणसं हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. घट्ट खडकाला ते काळा पत्थर म्हणतात, मऊ झालेल्या भागाला मांजऱ्या, त्याहून सैल झालेल्याला मुरूम. नोकरीच्या पहिल्या वर्षांत एका म्हाताऱ्या खोदणाऱ्यानं विहिरीच्या भिंतीला नुसता हात लावून मला दाखवलं होतं की वरचा प्रवाह कुठे संपला आणि खालचा कुठे सुरू झाला. मी भिंगातून तेच बघून त्याच ओळीवर खूण केली. त्याला बेसॉल्ट हा शब्द माहीत नव्हता, पण प्रवाह माहीत होता.

दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा एक तांबडा थर दिसतो, हातभर ते पुरुषभर जाडीचा. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खालच्या प्रवाहाचा वरचा भाग हवा-पाण्यानं झिजून माती झाला आणि नंतर आलेल्या लाव्हानं ती माती दाबली, भाजली. या थराबद्दल मला थोडं अधिक लिहायचंय, कारण त्याच्याकडे दुर्लक्ष झालेलं मी पाहिलं आहे. एका बोगद्याच्या आखणीवर खोल छिद्रं पाडून खडकाचे दंडगोल काढले होते. ते पेट्यांत क्रमानं मांडायचे असतात. पेट्या पाहिल्या तर सगळा घट्ट काळा खडक, कुठेही खोट नाही. मोजमाप घेतलं तर दर काही मीटरवर वीतभर, दोन वीत लांबी कमी भरत होती. मशीनवाल्यांनी मऊ तांबडे तुकडे माती समजून फेकून दिले होते. बोगदा तिथे पोचला तेव्हा तोच थर पाणी पिऊन फुगला आणि छताचे तुकडे खाली येऊ लागले. माणसं वाचली, काम मात्र कित्येक आठवडे थांबलं. तेव्हापासून पेटीत काय आहे याच्या आधी पेटीत काय नाही हे मी बघते.

आणि थर दिसला की तो लाव्हाच, असंही समजू नका. दोन प्रवाहांच्या मधल्या शांत काळात कुठेकुठे तळी साचली, त्यांत गाळ बसला, आणि मग त्यावर पुन्हा लाव्हा आला. मुंबईत वरळीला अशाच गाळाच्या थरात बेडकांचे जीवाश्म सापडले. नागपूर परिसरात अशा थरांत शंख-शिंपल्यांचे अवशेष मिळतात. म्हणजे बेसॉल्टच्या चळतीत मधूनच अस्सल स्तरित खडकाचं पान घातलेलं असतं. ते ओळखायचं कसं? पुन्हा वीण बघून. गाळाच्या थरात पातळ पापुद्रे सुटतात, चिखल-वाळूचे कण वेगळे दिसतात, क्वचित पानाचा ठसा मिळतो. लाव्हात यातलं काही मिळत नाही.

इथवरचं मुलीसाठी एका वाक्यात: थर हा आकार आहे, तो गाळानंही होतो आणि लाव्हानंही, म्हणून थरांवरून खोकं ठरवायचं नाही.

अग्निजन्य खडकांना नाव देताना आम्ही दोन गोष्टी विचारतो. किती वेगानं थंड झाला, आणि त्यात आहे काय. जमिनीवर पसरलेला लाव्हा पटकन थंड होतो, स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही, म्हणून बेसॉल्टचे कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. तोच शिलारस भेगेत अडकून जरा सावकाश थंड झाला तर डोलेराइट, आणि खोल जमिनीत हजारो वर्षं मुरला तर ठसठशीत कणांचा गॅब्रो. तिघांचा मालमसाला एकच: सिलिका साधारण ४५ ते ५२ टक्के, लोह-मॅग्नेशियम भरपूर, म्हणून रंग गडद आणि वजन जास्त. सिलिकाचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास गेलं की खोल जमिनीत ग्रॅनाइट होतो आणि पृष्ठभागावर ऱ्हायोलाइट. मधल्या पायऱ्याही आहेत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या भिंतींत करडा दगड कुर्ल्याचा बेसॉल्ट आहे आणि पिवळसर दगड मालाडचा ट्रॅकाइट. दोन्ही ज्वालामुखीचे, पण रसायन वेगळं म्हणून रंग वेगळा. मुलीला एकदा तिथे न्या. आत जाण्याआधी भिंतींजवळ दहा मिनिटं थांबा.

आता ओट्याचे तुकडे, कारण तिथे दगडापेक्षा दुकान जास्त गोंधळ घालतं. दगडाच्या बाजारात 'ग्रॅनाइट' म्हणजे कठीण, पॉलिश धरणारा आणि लिंबाला दाद न देणारा कोणताही दगड. भूशास्त्रात ग्रॅनाइट म्हणवून घ्यायचं तर दगडात क्वार्ट्झ भरपूर हवं, त्यातल्या फिकट खनिजांचा किमान पाचवा हिस्सा, आणि बाकी मुख्यतः फेल्डस्पार. एवढं क्वार्ट्झ आणि फेल्डस्पार असलेला दगड ठार काळा होऊच शकत नाही. तो पांढरट, गुलाबी किंवा करडा ठिपक्यांचा असणार. तुमचा 'ब्लॅक ग्रॅनाइट' बहुधा गॅब्रो किंवा डोलेराइट आहे, म्हणजे नात्यानं तो राजगडच्या दगडाच्या जवळचा आहे, ग्रॅनाइटच्या नाही. खोकं मात्र अग्निजन्यच, त्यामुळे चूक नावापुरती. पॉलिश केलेली बाजू सोडून कापलेल्या कडेवर भिंग लावा, चमकणारे लांबट पट्टे आणि मध्ये काळे दाणे एकमेकांत घुसलेले दिसतील. ही खडीसाखरेची वीण.

कडप्पा हे आंध्रातल्या गावाचं नाव, आणि दगड काळा चुनखडक. म्हणजे स्तरित. शहाबादी फरशी कर्नाटकातली, कोटा राजस्थानातली, दोन्ही चुनखडकच. त्या थराथरांनी सुटतात म्हणून तर त्यांच्या फरश्या स्वस्तात निघतात. जुन्या ओट्यावर जिथे लिंबू पिळायचं, चिंचेचं भांडं ठेवायचं, तिथे कडप्पा पांढुरका आणि खडबडीत झालेला आठवतोय का? आम्लानं त्यातलं कॅल्साइट खाल्लं. घरी करण्याजोगी चाचणी हीच. कडप्प्याचा तुकडा सुरीच्या टोकानं खरवडा, भुकटीवर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, भिंगातून बारीक बुडबुडे दिसतील. तेच काळ्या ग्रॅनाइटवर करा, काही होणार नाही. काळा, गुळगुळीत आणि एकाच ओट्यावर नांदलेले हे दोन दगड जन्मानं इतके वेगळे आहेत. मला विचाराल तर तुमच्या सगळ्या संग्रहातली ही सगळ्यात शिकवणारी जोडी आहे.

संगमरवरही व्हिनेगरला बुडबुडे देतो, कारण तोही कॅल्साइटचाच. पण तो चुनखडक खोल दबून, तापून, न वितळता पुन्हा स्फटिक झालेला. फोडला तर साखरेसारखे दाणे चमकतात. रसायन तेच, वीण बदलली, खोकं बदललं.

स्तरित खडकांबद्दल फार लांबवत नाही. तुटलेल्या कणांचे खडक कणांच्या मापावर ओळखतात: २ मिलिमीटरपेक्षा मोठे गोटे असतील तर गोटाश्म, त्याखाली वाळू असेल तर वालुकाश्म, त्याहून बारीक असेल तर शेल. पाण्यात विरघळलेलं साका धरून बसलं किंवा जीवांनी शंख-शिंपल्यांसाठी वापरलं तर चुनखडक, झाडं गाडली गेली तर कोळसा. चंद्रपूर, वणी, उमरेडचा कोळसा आणि त्याच्या सोबतचे वालुकाश्म गोंडवन काळातले, म्हणजे आपल्या लाव्हाच्या कितीतरी आधीचे. आणि हे काम थांबलेलं नाही. कोकणच्या किनाऱ्यावर वाळू आणि शिंपले चुन्यानं सांधून झालेला दगड मिळतो, त्याला तिथले लोक करल म्हणतात. पुढच्या वेळी मालवणला गेलात तर विचारून पाहा. चिक्कीची वीण इतकी स्पष्ट दुसरीकडे सहसा दिसत नाही.

रूपांतरित खडक तुमच्या संग्रहात नक्की असा एकही नाही, आणि त्याचं कारण तुम्ही बहुतेक लाव्हाच्या पांघरुणावरच हिंडलात हे आहे. ते आपल्या पायाखाली आहेत, पण खोल. कोयनेच्या परिसरात शास्त्रीय अभ्यासासाठी छिद्र पाडलं तेव्हा सुमारे ९३२ मीटर बेसॉल्ट ओलांडल्यावर खाली ग्रॅनाइट आणि नाइस (पट्ट्यापट्ट्यांचा रूपांतरित खडक) लागला. किल्लारीला, १९९३च्या भूकंपानंतर, तोच जुना पाया सुमारे ३३८ मीटर बेसॉल्ट आणि त्याखालच्या थोड्या गाळानंतर लागला. लाव्हाचं पांघरूण जिथे संपतं तिथे हा पाया उघडा पडतो: नागपूर, भंडारा, गोंदिया, गडचिरोली, आणि इकडे सिंधुदुर्ग. नागपूर-भंडारा पट्ट्यातलं मँगनीज याच जुन्या खडकांत आहे. तिथल्या मँगनीजयुक्त गार्नेट (एक कठीण खनिज) आणि क्वार्ट्झच्या एका खडकाला गोंडी लोकांच्या नावावरून गोंडाइट म्हणतात, आणि ते नाव जगभर चालतं. त्याची सुरुवात समुद्रतळाच्या मँगनीजच्या गाळानं झाली होती. गाळ खोल गेला, तापला, दबला, आणि त्याच्यात गार्नेट वाढलं. शेलचं असंच आधी स्लेट होतं, मग अभ्रकानं चमकणारा शिस्ट, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा नाइस. दाब-उष्णतेची एकेक पायरी.

आणि आता जांभा. मुलीचा हा प्रश्न दोनशे वर्षं जुना आहे. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकानं मलबारातल्या अंगाडीपुरमला असाच दगड पाहिला आणि १८०७ साली त्याचं वर्णन छापलं. खाणीत ओला असताना तो लोखंडी हत्यारानं विटेसारखा कापला जातो आणि हवेवर सुकून कठीण होतो, हे त्याला नवल वाटलं, म्हणून विटेच्या लॅटिन नावावरून त्यानं 'लॅटराइट' शब्द केला. आपल्या कोकणात त्याच्या कितीतरी आधीपासून चिरे कापले जात होते आणि आजही चिरेखाणीवरचा माणूस तेच सांगेल: ताजा चिरा कापायला सोपा, वापरायच्या आधी वारा-ऊन खाऊ दे.

जांभा शिलारसातून थेट झालेला नाही. वाहून येऊन बसलेला गाळही नाही, निदान नेहमी नाही. दाबानं बदललेला तर अजिबातच नाही. तो उरलेला आहे. उष्ण हवा, धो-धो पाऊस आणि मध्ये कोरडा उन्हाळा, असं लाखो वर्षं चालू राहिलं की खडकातलं कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम आणि नंतर बरीचशी सिलिकासुद्धा पाणी विरघळवून नेतं. लोह आणि ॲल्युमिनियम जागचे हलत नाहीत, त्यांची ऑक्साइडं तिथेच साठतात. लोहानं तांबडा-जांभळा रंग दिला, निघून गेलेल्या भागांच्या जागी भोकं राहिली. ॲल्युमिनियम फारच साठलं तर तेच बॉक्साइट, कोल्हापूरच्या पठारांवर आहे तसं. तुमच्या जांभ्याची भोकं आणि राजगडच्या दगडाची भोकं सारखी दिसली तरी कारणं उलटी आहेत. तिथे वायू अडकला होता, इथे खडक निघून गेलाय.

पुरावा पाहायचा तर पाचगणीच्या टेबललँडच्या कडेला जा. वर जांभ्याची कठीण टोपी, खाली मऊ, डागाळलेली माती, आणि त्याखाली जात जात बेसॉल्ट. मध्ये कुठेही धारदार सीमा नाही, एकातून दुसरं होत गेलेलं दिसतं. गाळ येऊन बसला असता तर सीमा दिसली असती. अंगाडीपुरमला खाली बेसॉल्ट नाही, त्याहून फार जुना रूपांतरित खडक आहे, तरी वर जांभाच. म्हणजे बाप वेगळा असला तरी हवामान तेच असेल तर लेकरू सारखं निघतं.

मग खोकं कोणतं? काही पुस्तकं त्याला 'अवशिष्ट' म्हणून स्तरित खडकांच्या शेजारी बसवतात, कारण झीज पृष्ठभागावर होते. परीक्षेत तसा प्रश्न आलाच तर शाळेत जे शिकवलं असेल ते मुलीनं लिहावं, गुण घालवू नयेत. पण घरच्या संग्रहात मी त्याला चौथं, छोटं खोकं करीन आणि वर लिहीन 'झिजून उरलेले'. रत्नागिरीच्या बाबतीत आणखी एक अट आहे. सड्यावरचा, म्हणजे वरच्या सपाट पठारावरचा, कातळ बहुतेक जागचा झालेला असतो, पण उताराच्या पायथ्याला, खाडीकाठी, जुन्या जांभ्याचे तुकडे वाहून येऊन लोहानं पुन्हा सांधलेलेही मिळतात. तो दुसरा जांभा खरोखरच स्तरित म्हणायला मी तयार आहे. तुमचा तुकडा मोडून पाहा. आत गोलसर, वेगळ्या रंगाचे खडे बसवल्यासारखे दिसले तर मामाला विचारा, सड्यावरून उचलला की खालून.

तीन खोक्यांत न बसणारा जांभा एकटा नाही, म्हणून चौथं खोकं करायला बिचकू नका. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. ते उल्काघातानं बेसॉल्टमध्येच झालं, आणि तिथल्या काही दगडांत आघातानं वितळून पुन्हा गोठलेली काच आहे. वितळून गोठलं म्हणून अग्निजन्य म्हणावं की आघातानं बदललं म्हणून रूपांतरित, यावर एका शब्दात उत्तर नाही. भूशास्त्रज्ञांनी त्यांना आघातजन्य असं वेगळंच नाव दिलं आहे. (तिथले दगड मात्र उचलून आणू नका, ते जागेवरच राहायला हवेत.)

राहिला मालवणचा पांढरा गोटा. सुटा दगड ही माझ्यासाठी नेहमीच पंचाईत असते, कारण तो जिथे सापडला तिथे तो जन्मलेला नसतो. गुळगुळीतपणा लाटांचा आहे, त्यावरून काहीच ठरत नाही. आधी सुरीनं ओरखडा काढून पाहा. ओरखडा उठला आणि भुकटीवर व्हिनेगरचे बुडबुडे आले तर कॅल्साइट, मग शिंपल्याचा किंवा चुनखडकाचा तुकडा. सुरीचंच लोखंड दगडावर राखाडी रेघ सोडून गेलं तर क्वार्ट्झ, आणि माझा अंदाज तोच आहे. पण क्वार्ट्झचा म्हणजे नेमका कसला? फोडल्यावर सगळीकडे दुधी, काचेसारखा आणि दाणे अजिबात नसलेला निघाला, तर तो जुन्या खडकातल्या भेगेत गरम पाण्यातून वाढलेल्या शिरेचा, म्हणजे आपल्या साध्या भाषेत गारगोटी. दाणेदार निघाला तर क्वार्ट्झाइट, आणि तिथे पुन्हा अडचण आहे. वाळूचे कण सिलिकानं घट्ट सांधले गेले तरी त्याला क्वार्ट्झाइट म्हणतात, आणि तोच वालुकाश्म खोल तापून पुन्हा स्फटिक झाला तरी क्वार्ट्झाइटच. पहिला स्तरित, दुसरा रूपांतरित. सिंधुदुर्गात सिलिकानं सांधलेले जुने वालुकाश्मही आहेत आणि त्याहून जुने, पुरते बदललेले क्वार्ट्झाइटही.

प्रयोगशाळेत आम्ही ०.०३ मिलिमीटर जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली कणांच्या कडा बघतो: वाळूचा जुना गोल कण आणि त्याभोवती नंतर चढलेली सिलिका दिसते, की कडा एकमेकींत दातेरी शिरलेल्या. घरी भिंगातून तुम्हाला निदान एवढं दिसेल की तुटलेला पृष्ठभाग कणांना वळसा घालून गेलाय की कणांच्या आरपार. एक ताजी कपची काढा, ओली करून उन्हात धरा, आणि काय दिसलं ते कळवा. सोबत गोटा किनाऱ्यावर नेमका कुठे सापडला आणि जवळ एखाद्या ओढ्याचं किंवा नदीचं मुख होतं का, तेही लिहा. नदी असेल तर तिच्या वरच्या अंगाला कोणता खडक आहे ते नकाशावर पाहून मी सांगेन. तोवर त्याला कुठल्याच खोक्यात टाकू नका. बाहेर ठेवा, आणि लेबलवर मुलीला तिच्या अक्षरात गाव, तारीख आणि 'सुटा सापडला' एवढं लिहू द्या.